काजू युनिट बंद पडतं ते मशीनमुळे नाही, बी संपल्यामुळे

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात नोकरी करणारा एक तरुण, गाव सावंतवाडी तालुक्यात, वडिलांची चार एकर काजूची बाग. त्याला गावी येऊन काजू प्रक्रिया युनिट टाकायचंय, दिवसाला २०० किलो बी (टरफलासकट काजू) फोडणारं. मशिनरीचं कोटेशन १८ लाखांचं आलंय, छोट्या अन्न प्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के सबसिडी आहे, बँकेनेही होकार दिलाय. तो विचारतो की एवढं सगळं जुळत असताना आजूबाजूची युनिटं बंद का पडतायत आणि मी यात पडू की नको.

मी याच पट्ट्यात बरीच वर्षं काजू फोडतोय त्यामुळे सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, खाली जे दर घेतलेत ते हिशोब समजावा म्हणून धरलेत, बीचा दर आणि गराचा (टरफल काढलेल्या काजूचा) दर दोन्ही दरवर्षी हलतात, तुम्ही तुमच्या वर्षाचे आकडे टाकून परत मांडा. जागा स्वतःची आहे की भाड्याची, घरचं कोण पूर्ण वेळ युनिटवर उभं राहणार, थ्री फेज लाईन दारापर्यंत आलीय का, यावरही बरंच अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही.

तुमच्या प्रश्नात मशिनरी आहे, सबसिडी आहे, बाग आहे, पण बी विकत घ्यायला पैसे कुठून येणार हे कुठेच नाही. मला सल्ला विचारायला येणाऱ्या दहातल्या आठ जणांचं असंच असतं, त्यात त्यांची चूक नाही, कारण योजनेचा फॉर्म मशिनरीबद्दलच विचारतो, कोटेशन देणारा मशिनरीच विकतो आणि प्रोजेक्ट रिपोर्ट बनवणारा खेळत्या भांडवलाची एक ओळ टाकून मोकळा होतो.

आता आकडे बघा. दिवसाला २०० किलो आणि वर्षाला २५० दिवस म्हणजे ५० टन बी लागते. तुमची चार एकर बाग, एकरी ८० झाडं आणि झाडाला सरासरी ८ किलो धरले तर अडीच टन बी देईल. म्हणजे स्वतःच्या बागेवर युनिट साधारण तेरा दिवस चालेल. बाकीची साडेसत्तेचाळीस टन बाजारातून घ्यायचीय. "घरची बाग आहे म्हणून कच्च्या मालाची चिंता नाही" हे वाक्य रिपोर्टमधून काढून टाका.

आणि ही बी मिळते कधी, तर फेब्रुवारीच्या शेवटापासून मे पर्यंत. पाऊस पडला की संपलं. शेतकऱ्याकडून थेट, चांगली वाळलेली, वाजवी दरात बी घ्यायची तर या तीन महिन्यांतच घ्यावी लागते आणि ती पुढच्या मार्चपर्यंत पुरवावी लागते. बी १२० रुपये किलो धरा, ५० टनांचे झाले ६० लाख. त्यातली घरची बी वजा केली तरी ५७ लाख उरतात. म्हणजे मशिनरी १८ लाखांची आणि गोदामात पडून राहणारा माल तिच्या तिप्पट किमतीचा. हे आपल्या धंद्याचं खरं स्वरूप आहे. फॅब्रिकेशनवाल्याला पत्रा दर आठवड्याला मिळतो, बेकरीवाल्याला मैदा रोज मिळतो, आपल्याला वर्षाचा माल एका हंगामात भरावा लागतो.

त्यात जीएसटीची एक गोष्ट नवीन माणसाला कोणी सांगत नाही. शेतकऱ्याकडून काजू बी घेतली की त्यावरचा ५ टक्के कर रिव्हर्स चार्जने खरेदीदारानेच भरायचा असतो, आणि तो रोखीने, क्रेडिटमधून नाही. ५७ लाखांवर तीन लाखांच्या आसपास जातात. ते क्रेडिट म्हणून परत वापरता येतात हे खरं, पण गर विकत जाल तसे वर्षभरात हळूहळू. ऐन हंगामात, जेव्हा एकेका गोणीसाठी पैसे हवे असतात, तेव्हा हे पैसे अडकून पडतात.

मग बँक काय करते ते ऐका. छोट्या उद्योगाचं कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज, बँका बहुतेक वेळा रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या सूत्राने काढतात, म्हणजे वर्षाच्या अंदाजे उलाढालीच्या २० टक्के बँक देणार आणि ५ टक्के तुम्ही घालायचे. यामागचं गृहीतक असं की माल घेऊन, बनवून, विकून पैसे परत यायला साधारण तीन महिने लागतात, म्हणजे वर्षात चार फेरे होतात, म्हणून उलाढालीचा पाव हिस्सा पुरतो. बऱ्याच धंद्यांना हे लागू पडतं, पण काजूला नाही, कारण आपला कच्च्या मालाचा फेरा वर्षातून एकदाच होतो. २६ टक्के उतारा (बीच्या वजनातून निघणारा गर) धरला तर ५० टन बीचा १३ टन गर निघेल, सगळ्या ग्रेड मिळून सरासरी ६५० रुपये धरा, उलाढाल झाली साधारण ८५ लाख. २० टक्के म्हणजे १७ लाख, तुमचे सव्वाचार, एकूण सव्वाएकवीस लाख. एवढ्यात साडेसतरा-अठरा टन बी येते. घरची अडीच टन धरली तरी शंभर दिवस पुरेल.

म्हणजे एप्रिलच्या मध्यावर फोडायला सुरुवात केली तर ऑगस्टच्या मध्यापर्यंत गोदाम रिकामं. आणि गराला गिऱ्हाईक कधी वाढतं, तर गणपतीपासून दिवाळीपर्यंत. ऐन विक्रीच्या वेळी बी नाही. तोपर्यंत विकलेल्या गराचे पैसे आले तरी तेव्हा शेतकऱ्याकडे बी नसते, ती साठा करणाऱ्या व्यापाऱ्याकडे असते आणि तो त्याचं व्याज, घट, नफा धरून दर लावतो. किलोला १५ रुपये जास्त म्हणजे फार वाटत नाहीत, पण एक किलो गराला पावणेचार-चार किलो बी लागते, म्हणजे गराला जवळजवळ ५८ रुपये जास्त पडले. आता ते ५८ रुपये कुठून काढणार ते पुढे बघा.

एक किलो गराचा हिशोब असा मांडतो. बी ४६२ रुपये. मजुरी, वीज, पॅकिंग, वाहतूक मिळून ११० धरा. मशिनरीच्या कर्जाचा हप्ता पाच वर्षांचा धरला तर किलोला साधारण ३२. बीमध्ये अडकलेल्या पैशाचं व्याज, साठा हळूहळू कमी होत जातो म्हणून सरासरी ३० लाखांवर ११ टक्क्यांनी, किलोला २५. गर विकल्यावर दोन महिन्यांची उधारी गेली तर त्याचं व्याज अजून १२. बेरीज ६४१. विक्री ६५०. हातात नऊ रुपये, वर्षाचे सव्वा लाखाच्या आत, आणि यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही. सबसिडी म्हणाल तर ती तीन वर्षं बँकेत वेगळ्या खात्यात बाजूला राहते, खातं नीट चाललं तर मग कर्जात वळती होते. तिने कर्जाचं ओझं कमी होतं, पण पहिल्या हंगामात बी घ्यायला तिचा एक रुपया उपयोगाचा नाही.

म्हणून मी म्हणतो की युनिट मशीनमुळे बंद पडत नाही. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं की कुलूप लागलं, मालक आळशी असेल, माल खपला नसेल. आतून बहुतेक वेळा गोष्ट एकच असते, जुलै-ऑगस्टमध्ये बी संपली, महाग बी घेऊन दोन महिने चालवलं, तोटा झाला, कॅश क्रेडिट मर्यादेला टेकलं, पुढच्या हंगामात बँकेने पैसे दिले नाहीत आणि सोलणीला येणाऱ्या बायका दुसऱ्या कामाला गेल्या.

याला फक्त बँक मॅनेजर जबाबदार आहे असंही मी म्हणणार नाही. कोकणात ठेवी कमी नाहीत, चाकरमान्यांचा पैसा पिढ्यान् पिढ्या इथल्या शाखांमध्ये येतोय, पण त्या मानाने इथल्या उद्योगाला कर्ज कमी जातं. मॅनेजर दोन-तीन वर्षांत बदलून जातो, त्याने आयुष्यात काजूचं गोदाम बघितलेलं नसतं, गोणीतला माल त्याला धोका वाटतो. त्याला समजावणं हे आपलंच काम आहे. ते कसं ते पुढे सांगतो, आधी अजून दोन गोष्टी.

पहिली उतारा. वेंगुर्ला ७ सारख्या जातीची नीट वाळलेली बी ३० टक्क्यांच्या आसपास गर देऊ शकते, पण गावागावातून गोळा केलेल्या मिश्र मालात २४ ते २७ च धरून चाला. आता वरच्या हिशोबात २६ ऐवजी साडेचोवीस टाकून बघा, बीचा खर्च ४६२ वरून ४९० वर जातो. नऊ रुपयांच्या नफ्यात २८ रुपयांचा खड्डा! आणि हा दीड टक्का जातो कुठे, तर ओली बी घेतल्यामुळे, नीट न वाळवता गोदामात भरल्यामुळे, गोण्या भिंतीला टेकवून ठेवल्यामुळे. आपल्याकडे पावसात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी पडतं, हवेतच इतका दमटपणा असतो की मे मध्ये कडक वाटणारी बी ऑगस्टमध्ये नरम लागते, आतून गर काळा पडतो. खळ्यावर किमान दोन-तीन कडक उन्हं दिल्याशिवाय भरू नका, ओलावा मोजायचं मीटर घ्या, खाली लाकडी फळ्या, भिंतीपासून हातभर अंतर. खरेदी करताना प्रत्येक लॉटमधून एक किलो बी मोजा, फोडा, गर वजन करा आणि मग दर बोला. शेतकरी ओळखीचा असला तरी. मी तर म्हणेन १८ लाखांतली एखादी मशीन कमी करा पण गोदामावर खर्च करा.

दुसरी माणसं. सोलणी आणि ग्रेडिंग हे बायकांच्या हाताचं काम आहे आणि चांगला हात तयार व्हायला वेळ लागतो. अख्खा गर आणि पाकळी-तुकडा यांच्या दरात मोठा फरक असतो, त्यामुळे कटिंगवाली कुशल असेल तर तिने वाचवलेले अख्खे गर तिच्या मजुरीपेक्षा जास्त किमतीचे असतात. जून-जुलैत लावणी असते, तेव्हा अर्ध्या येणार नाहीत, गणपतीत कोणीच येणार नाही, हे २५० दिवसांत धरूनच ठेवा. तरुण मुलं गोव्यात पेडणे, म्हापसा, मोपाकडे जातात, तिथे महिन्याला ठराविक पगार मिळतो, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या युनिटमध्ये हातमोजे मिळतात, बसायला नीट जागा असते, संडास असतो आणि शनिवारी न चुकता पैसे मिळतात तिथल्या बायका वर्षानुवर्षं टिकतात. टरफलातल्या तेलाने हात भाजतात, चामडी निघते, हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. त्या बायकांच्या हातांवर आपला धंदा उभा आहे, त्यामुळे हातमोज्यांवर पैसे वाचवू नका.

विजेचं फार लांबवत नाही. पावसात झाड पडलं की दिवस दिवस लाईट नसते, सोलणीच्या मशीनला लागणारा कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजवर चालत नाही, आणि बोरम्यात (गर सुकवायच्या भट्टीत) माल असताना वीज गेली तर तो लॉट नीट सुकत नाही. शक्यतो टरफलावर किंवा लाकडावर चालणारा बोरमा घ्या, पण टरफलाचा धूर फार त्रासदायक असतो, शेजारी घरं असतील तर चिमणी आणि प्रदूषण मंडळाची संमती आधी बघा, नाहीतर गावातच वाद होतो.

बाहेरच्या स्पर्धेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण ते माहीत असायला हवं. देशात पिकणारी बी देशातल्या कारखान्यांना पुरत नाही, म्हणून आयव्हरी कोस्ट, टांझानिया इथून जहाजाने बी येते. मोठा कारखानदार कंटेनर मागवतो, टांझानियाचं पीक ऑक्टोबरनंतर निघतं त्यामुळे त्याला दोन हंगाम मिळतात आणि साठ्याचं ओझं अर्धं होतं. व्हिएतनामने सगळं यंत्रावर नेलं, त्याचा फटका केरळातल्या कोल्लमसारख्या जुन्या काजूच्या गावालाही बसला, तिथले कितीतरी कारखाने बंद झाले. दरात त्यांच्याशी आपण जिंकणार नाही. आपल्याकडे आहे ती चव आणि ताजेपणा, आणि दारात येणारं गिऱ्हाईक.

आता यातून वाट काय, माझ्या अनुभवावरून सांगतो.

बँकेकडे जाताना उलाढालीच्या टक्केवारीवर लिमिट मागू नका. महिनावार कॅश बजेट बनवा, मार्च ते फेब्रुवारी, कुठल्या महिन्यात किती बी घेणार, किती फोडणार, किती गर विकणार, पैसे कधी येणार. हंगामी उद्योगाला या पद्धतीने लिमिट देता येते, एप्रिल-मे साठी जास्त आणि नंतर उतरत जाणारी. बँकवाले तिला पीक आणि नॉन-पीक लिमिट म्हणतात. तारण कमी पडत असेल तर सीजीटीएमएसईच्या, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टच्या, हमीबद्दल विचारा. दर महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट वेळेवर आणि खरं द्या. पहिल्या वर्षी पूर्ण मागणी मान्य होईल असं नाही, पण दोन हंगाम खातं मार्चपर्यंत शून्यावर आणून दाखवलंत तर तिसऱ्या वर्षी बोलणं सोपं जातं.

सगळी बी स्वतःच्या पैशाने भरायची गरज नाही. बाजार समित्यांमार्फत कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, त्यात काजू बीसुद्धा बसते, शेतकऱ्याला माल गोदामात ठेवून सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी पैसे मिळतात. हे कर्ज शेतकऱ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही, पण गावातल्या दहा-पंधरा बागायतदारांना तिकडे नेलंत तर त्यांना मे मध्ये पडेल भावाने बी विकावी लागत नाही आणि तुम्हाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओळखीची, तपासलेली बी मिळते. त्यांना हंगामातल्या दरापेक्षा चार-पाच रुपये जास्त द्या, तरी व्यापाऱ्याच्या १५ पेक्षा परवडतं आणि पैसे गावातच राहतात. तुमच्या तालुक्याच्या समितीत ही योजना प्रत्यक्ष चालू आहे का आणि गोदाम आहे का ते मात्र स्वतः जाऊन बघा.

सुरुवातीला जॉबवर्क करा. दुसऱ्याची बी फोडून, सोलून द्यायची, किलोमागे मजुरी घ्यायची. नफा कमी वाटतो, पण बी त्याची, व्याज त्याचं, दर पडला तर धोकाही त्याचा. तुमच्या बायकांचे हात तयार होतात आणि उतारा कशाने वाढतो-घटतो ते दुसऱ्याच्या मालावर शिकायला मिळतं. अर्थात दुसऱ्याचा माल आहे म्हणून जास्तच जपा.

विक्रीत सगळा गर वाशीच्या घाऊक बाजारात डबे भरून पाठवायचा विचार करू नका. १३ टनांतले तीन टन जरी तुम्ही पाव किलो, अर्धा किलोच्या पाकिटात मालवण, तारकर्ली, सावंतवाडीच्या दुकानांत, मे मध्ये आणि गणपतीत चाकरमान्यांना, पुण्यातल्या तुमच्या ऑफिसच्या ओळखीत विकलेत आणि किलोला घाऊकपेक्षा १२० रुपये जास्त सुटले, तर साडेतीन लाखांच्या वर होतात, म्हणजे वरच्या हिशोबातल्या संपूर्ण वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट. पुण्यातली तुमची वर्षं इथे कामाला येतील, ती ओळख गावातल्या युनिटवाल्याकडे नसते.

उधारीबद्दल. पहिल्या दिवशी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) करा, उत्पादक म्हणून, आणि प्रत्येक बिलावर नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे, उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार करून पैसे वसूल होतात पण गिऱ्हाईकही जातं, हे मान्य करूनच बोलतो. त्यापेक्षा आयकरातली एक तरतूद (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम) जास्त उपयोगी पडते, मुदत उलटूनही मार्चअखेरपर्यंत पैसे दिले नाहीत तर ती खरेदी खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याचाच सीए त्याला सांगतो की हे देणं आधी मिटवा. मी त्या दिवसांत सगळ्यांना नम्रपणे बिलांची यादी पाठवतो आणि पैसे येतात, तेही नेमके नवीन बी घ्यायच्या वेळी. अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला मात्र हे लागू होत नाही, त्याच्याशी रोखच बरी.

तर तुम्ही पडावं का यात? मला वाटतं पडा, कारण गावात पिकणारी बी गावातच फुटली पाहिजे, तिचा गर बाहेर गेला तरी मजुरी इथे राहते आणि शिकलेली मुलं परत आल्याशिवाय हे होणार नाही. पण ५० टनांचं युनिट पहिल्या वर्षी टाकू नका. नोकरी सोडायच्या आधी एक हंगाम सुट्टी काढून कुणाच्या तरी युनिटवर खरेदीला उभे रहा, बी हातात घेऊन ओलावा ओळखायला शिका. मग बँकेत जाऊन सबसिडीच्या आधी हे विचारा की एप्रिल-मे मध्ये बी घ्यायला मला नक्की किती लिमिट मिळेल, आणि ते लेखी मागा. उत्तर १७ लाखांचं आलं तर घरची अडीच आणि विकतची अठरा, अशा वीस टनांचं युनिट मांडा, मशिनरी त्या मापाने सात-आठ लाखांत बसवा आणि उरलेले दिवस जॉबवर्कने भरा.